निळा दाणा

त्या वर्षी उंदरांनी मळ्यात नुसता उच्छाद मांडला. गहू अजून हिरवा होता, दाण्यात दूध होतं, तेव्हापासूनच त्यांनी कापणी सुरू केली. सकाळी बांधावर उभं राहिलं की उभ्या पिकात ताटाएवढ्या, परातीएवढ्या मोकळ्या जागा दिसायच्या. काड्या बुडापासून तिरक्या कातरलेल्या आणि वरची कणसं पसार. मुकादम रोज यायचा, कमरेवर हात ठेवून बघायचा, उंदरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा आणि निघून जायचा. उंदरांना त्याचं फारसं वाईट वाटत नसावं, कारण दुसऱ्या दिवशी त्या जागा आणखी वाढलेल्या असायच्या.

मुकादमाचं तोंड उतरलेलं असताना म्हातारा मात्र गालात हसत होता. चाळीस वर्षं तो त्या मळ्यात बिळं खणत आला होता. रीत अशी होती, की उंदीर मारायचे मळ्यासाठी आणि बिळात साठवलेली कणसं न्यायची खणणाऱ्यानं. एखाद्या जुन्या बिळात पाटीभर कणसं निघायची, नीट रचून ठेवलेली. मळ्याला जे वाईट वर्ष ते म्हाताऱ्याच्या घराला बरं वर्ष. हे तो कुणाजवळ बोलत नसे, पण पहारीचं टोक दगडावर घासताना गुणगुणत असे.

गेल्या दोन वर्षांत त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस आला-गेला कळायचं, उजेड-सावली कळायची, पण रंग गेले होते. तरी त्याचं काम अडलं नाही, ते मिरीमुळे. मिरी म्हणजे त्याची कुत्री. काळी, बुटकी, एक कान लहानपणी घुशीनं फाडलेला. कोणत्या बिळात उंदीर आहे आणि कोणतं रिकामं, हे तिला दोन हातांवरून कळायचं. जिवंत बिळापाशी ती पुढचा एक पाय उचलून उभी राहायची, आणि म्हातारा तिच्या पाठीवरून हात फिरवत तो पाय चाचपायचा. पाय उचललेला असला की पहार जमिनीत.

"माझं नाक मिरी आणि माझे डोळे सूनबाई," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. "मी नुसता हात."

सूनबाईला या घरात येऊन नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. सासू गेल्यापासून घरात तिघं आणि मिरी. दिवस कलला की ती सासऱ्याबरोबर शेतात जायची, सापडेल त्या प्रत्येक बिळाच्या तोंडावर ओल्या चिखलाचा गोळा बसवायची आणि तळव्यानं दाबायची. सकाळी जे तोंड फुटलेलं दिसेल ते बीळ नांदतं. रोज शंभर-दीडशे तोंडं लिंपून तिच्या तळव्यांना भेगा पडल्या होत्या, आणि त्या भेगांत बसलेली माती कितीही घासली तरी निघत नव्हती.

सकाळी खणायचं. पळवाटा दगडांनी बुजवायच्या, एक मोकळी ठेवायची, तिथं मिरी. दिवसाचा पहिला उंदीर मिरीचा, हा म्हाताऱ्याचा नेम होता. तिनं पकडून त्याच्या पायाशी आणून टाकायचा, त्यानं तो उचलून, "घे बाई, तुझी भवानी," म्हणत तिच्यापुढे धरायचा, आणि मगच तिनं खायचा. बाकीचे ती आपणहून तोंडात घालत नसे.

दुपारी घरी आल्यावर सूनबाई कणसं चोळायची, सुपात पाखडायची. दाराच्या चौकटीला टेकून म्हातारा विचारायचा, "दाणा कसा आहे?"

"चांगला आहे, मामंजी."

डोळे गेल्यापासून हा प्रश्न एक दिवस चुकला नव्हता. ओलसर दाणा असला, बुरशी धरलेला असला, तर ती तसं सांगायची आणि तो बाजूला निघायचा. बाकी रोज "चांगला आहे". तेवढ्यानं त्याचं पोट भरल्यासारखं व्हायचं.

पाखडणं चालू असताना तो बोलत बसे. त्याला दुसरा विषयच नव्हता.

"लोकांना वाटतं उंदीर नुसतं धान्य खातो. शेत रिकामं असतं तेव्हा काय खातो मग? लव्हाळ्याचे गड्डे खातो. गवताचं बी, नाकतोडे, गोगलगाई. ओढ्याकाठचा असला तर खेकड्याची पिल्लं. अगदीच उपाशी असला तर स्वतःची पिल्लं."

"शी! मामंजी, दाणे निवडतेय मी."

"निवड की. आणि चिचुंद्रीला कधी मारू नये. ती उंदीर नव्हेच. दाण्याला तोंड लावत नाही बिचारी, किडे खाते. पण दिसते उंदरासारखी, म्हणून मार खाते." मग तो बोटं मोडत मोजायचा. "आता उंदराच्या वाईटावर कोण कोण? दिवसा वरून घार. दिवस मावळला की गोदामातलं घुबड. बिळात शिरून धामण. बांधावर मुंगूस. आणि सकाळी मिरी आणि मी. सगळे त्याच्यावर जगतो. एवढे असून तो संपत नाही, आणि आपण कुणी उपाशी राहत नाही."

पण त्या वर्षी एवढे सगळे मिळूनही पुरे पडेनात. एके दिवशी मुकादम निळ्या पुडीचे डबे घेऊन घरीच आला. त्याच्यामागून सूनबाईचा नवरा, मान खाली घालून. त्याला बापाचं काम कधीच आवडलं नव्हतं. लहानपणापासून 'बिळोबाचा पोरगा' ऐकून त्याचे कान किटले होते. गोदामात कायमचं काम मिळावं म्हणून दोन वर्षं तो मुकादमाच्या मागे होता.

"बिळोबा," मुकादम म्हणाला, "तुमची पहार आता पुरायची नाही. औषध घालायचं ठरलंय. घालायचं काम तुमच्या मुलाकडे दिलंय. नीट केलं तर गोदामात घेऊ त्याला."

म्हातारा म्हणाला, "आणि माझं खणणं?"

"तुम्हाला ओढ्याकडची पट्टी ठेवलीय. बांधाच्या वर औषध, बांधाच्या खाली तुम्ही. तिकडं एक दाणा पडणार नाही औषधाचा."

"वरचे उंदीर खाली आले तर?" नवऱ्यानं हळूच विचारलं.

म्हातारा हसला. "चाळीस वर्षं खणतोय. उंदीर आपलं अंगण सोडत नाही. बिळापासून पन्नास पावलं, फार तर साठ. बांध ओलांडून दुसऱ्याच्या घरी जायला तो काय पाहुणा आहे?"

सगळे हसले. मुकादमही हसला. म्हाताऱ्याचं उंदराबद्दलचं बोलणं आजवर खोटं ठरलं नव्हतं.

औषध कालवायचं काम सूनबाईवर आलं. परसात, चुलीपासून लांब, हाताला फडकं गुंडाळून ती जुन्या घमेल्यात गव्हाचा भरडा, तेल आणि साखर घालायची. वरून निळी पूड. काठीनं ढवळलं की सगळा भरडा निळा व्हायचा, शाईत बुडवल्यासारखा. मुकादमानं दोनदा बजावलं होतं. "कुत्र्या-मांजरांना लावू देऊ नका. आणि लगेच गुण नाही याचा. चार-पाच दिवस जातात. आतल्या आत रक्त फुटतं. पटकन मेला तर बाकीचे शहाणे होतात, म्हणून सावकाश मारतंय हे."

म्हाताऱ्यानं मिरीला आणून डब्याचा वास दिला आणि नाकावर एक चापट मारली. "हे नाही!" पुन्हा वास, पुन्हा चापट. तिसऱ्या वेळी मिरीनं डबा बघून तोंडच फिरवलं. "बघा," म्हातारा म्हणाला, "एवढी अक्कल माणसाला नसते." त्यानंतर ती घमेल्याच्या आसपासही फिरकली नाही. सूनबाईच्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

आठवडा गेला. ऊन वाढलं, वरच्या शेतातल्या चारीचं पाणी आटलं. पाणी राहिलं ते फक्त ओढ्यात. आणि खालच्या पट्टीत मिरीला एकाएकी यश येऊ लागलं. कधी नव्हे ते दहा, बारा उंदीर. पळवाटेच्या तोंडाशी उंदीर आला की तिची नुसती मान हलायची. म्हाताऱ्याला तिचा कोण अभिमान! पहिला उंदीर तिचा होताच, आता तो वर आणखी दोन द्यायला लागला.

"म्हातारपणी हात सुधारलाय तिचा," तो म्हणाला. "औषध म्हणे! औषधानं काय होतंय?"

त्याच दुपारी सूनबाई सुपावर बसली होती. कणसं एका नव्या बिळातली होती. ती चोळली, फुंकली, आणि सुपाच्या कडेला तिला एक निळा दाणा दिसला. भरड्याचा तुकडा. मग आणखी एक. तिनं बोटानं दाणे पसरले. अकरा निघाले. तिनंच कालवलेले, तिनं ओळखले. उंदरानं बांध ओलांडला होता, आणि येताना शिदोरी घेऊन आला होता.

"दाणा कसा आहे?" म्हाताऱ्यानं विचारलं.

सांगितलं तर म्हातारा तडक मुकादमाकडे जाणार, आणि नवऱ्याच्या हातातलं काम जाणार, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. आधी नवऱ्याच्या कानावर घालू, असं तिनं ठरवलं.

"चांगला आहे, मामंजी," ती म्हणाली.

सुपातलं सगळं तिनं चुलीत घातलं आणि जुन्या पोत्यातलं काढून दळलं. नवरा आल्यावर परसात नेऊन त्याला सांगितलं. त्याचा चेहरा पडला.

"किती दाणे?"

"अकरा. अहो, मिरी रोज उंदीर खातेय. त्या उंदरांच्या पोटात हेच असणार."

"एखाद-दुसऱ्या उंदरानं काय होतंय? एवढंसं तर औषध असतं त्यात." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "चारच दिवस राहिलेत. काम संपलं की मी गोदामात. आत्ता बोंब झाली तर मुकादम म्हणेल, यानंच खालच्या पट्टीत सांडलं. तू आपलं धान्य तेवढं बघ. बाबांना नको सांगू."

ती मूग गिळून बसली. माणसांच्या पोटाची काळजी तिनं घेतली. रोज दुपारी बिळातलं धान्य चुलीत जायचं, पोत्यातलं ताटात यायचं, आणि रोज ती 'चांगला आहे' म्हणायची. मिरीला पहिला उंदीर मिळत होता, दुसरा, तिसरा मिळत होता, आणि ती तिकडे पाठ करून पाटी भरत राहायची. उद्या सांगू, असं ती रोज म्हणायची.

तिसऱ्या दिवशी तिला बांधावर एक उंदीर दिसला. भर उन्हात. अंग फुगवून बसलेला, पाठीवरचे केस उभे. ती दोन पावलांवर गेली तरी तो पळाला नाही, नुसता कलला. त्याच्या मागे मातीवर लेंड्या होत्या, निळसर. मिरीचा हात का सुधारला ते तिला तेव्हा कळलं. ती पकडत होती ते सगळे असेच होते. पळायची ताकद नसलेले, पाण्याच्या वासावर ओढ्याकडे निघालेले.

घरी येताना गोदामापाशी मुकादम भेटला. "अगं, माळ्यावरचं घुबड मेलं," तो सहज बोलला. "खाली पडलं होतं. चोचीतून रक्त. आणि परवा ती मोठी धामण, चारीत आडवी. उन्हानं असेल."

ती धावतच घरी आली. आता सांगायचंच. दारात म्हातारा मिरीच्या अंगावरचे गोचीड चाचपून काढत बसला होता. तिची चाहूल लागताच त्यानं तोंड वर केलं, आणि ते इतकं उजळलेलं होतं की ती उंबऱ्यातच थबकली.

"सूनबाई, ये, बस. मुकादमाला मी सांगून टाकलंय, उद्या सकाळी खालच्या पट्टीत ये आणि मिरीचं काम बघ. डोळ्यांनी बघ म्हटलं, तुला आहेत. आवडलं तर पुढच्या वर्षी औषध नको, सगळा मळा आमचा. तो म्हणाला, बघतो." तो मिरीचा फाटका कान बोटांनी कुरवाळत होता. "मला वाटलं होतं, संपलं माझं. आंधळा म्हातारा, कोपऱ्यात बसेल आणि ताटाची वाट बघेल. पण नाही गं. अजून आहे मी."

ती त्याच्याजवळ बसली. उद्याचा दिवस जाऊ दे याचा, असं तिला वाटलं. एकच दिवस.

दुसऱ्या दिवशी मुकादम खरंच आला, बरोबर मळ्यावरचे चार गडी. मिरी आज जरा जड पावलांनी चालत होती, पण तिनं चौदा उंदीर धरले. गडी मोजत होते. मुकादम म्हणाला, "बिळोबा, मानलं तुमच्या कुत्रीला." म्हातारा ताठ उभा राहिला. सगळ्यांच्या देखत त्यानं मिरीला एकामागून एक चार उंदीर भरवले. सूनबाई पाटी घेऊन मागे उभी होती.

पुढच्या सकाळी मिरी उठली नाही. म्हाताऱ्यानं हाक मारली, शेपटी एकदा हलली. त्यानं तिचं तोंड उघडून हिरड्यांवरून बोट फिरवलं, आणि बोट नाकाशी नेऊन हुंगलं.

"रक्ताचा वास येतोय," तो म्हणाला. "सूनबाई, बघ बरं. हिरड्या कशा दिसतात?"

"पांढऱ्या," ती म्हणाली. नाकपुडीतून रक्ताची बारीक धार लागली होती. पोटावर काळेनिळे डाग उठले होते.

नवऱ्यानं ते पाहिलं आणि सायकल काढली. जनावरांचा डॉक्टर दोन गावं पलीकडे. तो कसा गेला आणि कसा आला त्याचं त्यालाच ठाऊक. शर्ट अंगाला चिकटलेला, हातात एक बाटली. तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. मिरी म्हाताऱ्याच्या मांडीवरच गेली होती. त्याच्या धोतरावर रक्त सांडलं होतं. ते त्याला दिसत नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नाही.

खड्डा त्यानं स्वतः खणला. मुलगा पुढे झाला तर पहारीचं टोक मध्ये धरून त्याला थांबवलं. ओढ्याकडच्या पट्टीत, बांधाच्या कोपऱ्यात तिला ठेवलं. माती लोटली. मग बसकण मारून, सवयीनं, ओल्या चिखलाचा गोळा घेऊन त्यानं वर बसवला आणि तळव्यानं दाबला.

घरी येऊन तो हात धुवत असताना सूनबाईनं त्याच्या हातावर पाणी ओतता ओतता सगळं सांगितलं. अकरा दाणे, चुलीत घातलेलं धान्य, बांधावरचा उंदीर, गोदामातलं घुबड. नवरा भिंतीशी उभा होता. त्यानं मध्ये तोंड उघडलं, "बाबा, मीच तिला..." पण म्हाताऱ्यानं ओला हात वर केला आणि तो गप्प झाला.

"कधी दिसला दाणा?"

"आज पाचवा दिवस, मामंजी."

म्हातारा बोटांवर मोजू लागला. "तीन, सहा, नऊ. आणि काल चार." त्यानं मूठ मिटली. "तेरा उंदीर घातले मी तिला. माझ्या हातानं. नको-नको करत होती काल शेवटचा. मीच तोंडात कोंबला, लोक बघत होते म्हणून."

तिला रडू आवरेना. "चुकलं माझं, मामंजी."

"मी रोज विचारत होतो."

"हो."

"तू चांगला म्हणालीस."

"हो, मामंजी."

तो ओरडला असता, हातातलं भांडं फेकून मारलं असतं, तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता हात पुसत राहिला, कोरडे झाले तरी पुसत राहिला. सकाळी एकटाच काठी टेकत बांधाच्या कोपऱ्यात जाऊन आला. जवळ बसून त्यानं चिखल चाचपला. तोंड फुटलेलं नव्हतं.

औषधाचं काम संपलं. नवऱ्याला गोदामात घेतलं. उरलेला गहू पदरात पडला आणि मुकादम खूश झाला. पण पुढच्या हंगामात गहू पोटरीला आला तशा पुन्हा त्याच ताटाएवढ्या, परातीएवढ्या जागा दिसू लागल्या. गोदामाच्या माळ्यावर पुन्हा घुबड आलं नव्हतं. धामण कुणाला दिसत नव्हती. उंदीर दिवसाढवळ्या बांधावरून फिरत होते.

मुकादम स्वतः दारात आला. या वेळी त्यानं बिळोबा म्हटलं नाही. "बाबा, पहार काढा. औषध नको म्हणतायत मालक, गुरांनाही बाधतंय."

म्हातारा चौकटीला टेकून बसला होता. "घुबड गेलं, धामण गेली, मिरी गेली," तो म्हणाला. "राहिलो मी. आता कुणाच्या नाकानं खणू?"

मुकादम खाली मान घालून गेला. त्याच दिवशी सूनबाईनं पहार खांद्यावर घेतली. दिवस कलताना तिनं एकटीनं तोंडं लिंपली, सकाळी एकटीनं खणलं. पाच बिळं रिकामी निघाली, सहाव्यात अर्धी पाटी कणसं मिळाली. दुपारी अंगभर मातीनं ती घरी आली, सूप घेऊन बसली, कणसं चोळली, पाखडली. दाणा टपोरा होता, स्वच्छ होता. एकेक निरखून पाहिला तिनं. म्हातारा नेहमीच्या जागी होता, दोन हातांवर. ती त्याच्या प्रश्नाची वाट बघत राहिली. सूप पुन्हा पुन्हा हलवत राहिली, त्याला आवाज जावा म्हणून.

तो काही विचारेना.

शेवटी तीच म्हणाली, "दाणा चांगला आहे, मामंजी."

म्हाताऱ्यानं हात पुढे केला, चाचपत सुपातला एक दाणा उचलला, आणि तो डोळ्याला जवळजवळ टेकवून, दाराकडच्या उजेडाला धरून बराच वेळ बघत बसला. मग तो खाली ठेवला आणि दुसरा उचलला.